ताईची लाकडी जमीन

आबाचा फोन आला तेव्हा मी पुण्याच्या घरी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत होते. आबा म्हणजे माझा भाऊ. अवसरी बुद्रुकची आमची शेती तोच बघतो. फोनवर तो नेहमी असा बोलतो, की जणू या बांधावरून त्या बांधावर हाक मारतोय. त्या सकाळी मात्र तो इतका हळू बोलला की मला आधी वाटलं, रेंज नसेल. "रंजे, मी दूध घिऊन गेल्तो," तो म्हणाला. "पडवीत पाय ठिवला... आन दार उघडलं न्हाई." मला पुढचं काही विचारावं लागलं नाही. कुसुमताईच्या दाराची कडी वाजवायची वेळ कधी कुणावर आली नव्हती. तिच्या पडवीच्या पहिल्या फळीवर आपलं पाऊल पडलं की आत तिला कळायचं, आणि आपण दारापाशी पोचायच्या आत दार उघडून ती समोर उभी असायची. हे सांगायचं कारण असं, की माझ्या या थोरल्या बहिणीला ऐकू येत नव्हतं. ऐन विशीत आलेल्या एका तापानंतर तिला आयुष्यभर एक शब्दही ऐकू आला नाही.

ती झोपेतच गेली. उशीवर गाल ठेवून, एक हात खाटेवरून खाली सोडून. बोटांची टोकं जमिनीला टेकलेली होती, असं आबा नंतर म्हणाला. आता या गोष्टीला काही आठवडे झाले आहेत. आतून पोखरणारं दुःख जरा कमी झालंय, आणि ताई मला जशी होती तशी दिसू लागली आहे... तिच्या खोलीतल्या उन्हात, अनवाणी, पाय जरा फाकवून उभी.

ताप यायच्या आधीची ताई मला पुसट आठवते. ती गायची. विहिरीवर धुणं धुताना, पाखडताना, उगीचच. तिचं लग्न ठरलं होतं, सुपारी फुटली होती. तापातून उठली तेव्हा ती आईला म्हणाली, "समदी एवढी गप का बसलीत?" आम्ही कुणीच गप्प बसलो नव्हतो. पुढं ते लग्न मोडलं, दुसरं कुणी विचारायला आलं नाही, आणि आमच्या घरात तो विषयच काढायचा नाही असा एक अलिखित नियम होऊन बसला. ताई बोलायची, पण स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळं तो हळूहळू सपाट झाला. कुणीतरी हसलं, तेव्हापासून ती कमी बोलू लागली. ओठ बघून समजून घ्यायची. पण सगळ्यात वाईट होतं ते तिचं दचकणं. आमच्या घरात शहाबादी फरशी. तिच्यावरून बैल चालत गेला तरी शेजारी बसलेल्याच्या पायाला काही जाणवायचं नाही. मागून कुणी खांद्याला हात लावला की ताई किंकाळी फोडायची. मग ती कायम भिंतीला पाठ लावून बसू लागली. निवडणं, टिपणं, जेवणं, सगळं भिंतीला पाठ लावून, डोळे दाराकडं.

आमच्या वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांचे एक जुने स्नेही जुन्नरला होते, बशीरभाई. सुतारकाम करायचे. खाली दुकान, वर माडीवर घर. दादा ताईला जुन्नरच्या एका डॉक्टरांकडं घेऊन गेले, तेव्हा मीही हट्टानं बरोबर गेले होते. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली, आणि दुपारचं जेवायला आम्ही बशीरभाईंच्या माडीवर गेलो. ती माडी अजून माझ्या स्वप्नात येते. सगळी जमीन लाकडाची, मधासारख्या रंगाची, आणि खिडकीतून आलेलं ऊन तिच्यावर सांडलेलं. लांबवर शिवनेरी. ताई खिडकीशी बसून बाहेर बघत होती. त्या नवख्या घरात भिंतीला पाठ लावायचं तिला भान राहिलं नसावं. दादा आणि बशीरभाई डॉक्टर काय म्हणाले ते बोलत होते. तेवढ्यात ताईनं मान न वळवता हात मागं केला आणि म्हणाली, "द्या, मी घेते." बशीरभाईंची बायको चहाचा ट्रे घेऊन जिना चढून नुकती आत आली होती.

दादांचं बोलणं अर्ध्यावर राहिलं. बशीरभाई उठले. ताईच्या पाठीमागं लांब जाऊन त्यांनी दोन पावलं टाकली. ताई वळली. त्यांनी मला खूण केली, मी चालले. ताई म्हणाली, "ही रंजी." आणि मग तिला स्वतःलाच कळलं की आपण काय बोललो. तिनं दोन्ही तळवे जमिनीवर टेकले आणि ती हसायला लागली. तापानंतर तिला मी पहिल्यांदा हसताना पाहत होते. दादांनी तोंड फिरवून उपरण्यानं डोळे पुसले.

बशीरभाईंनी मग खाली दुकानातून दोन फळ्या आणून आम्हाला दाखवल्या. एका फळीच्या कडेला लांबच लांब जीभ काढलेली, दुसरीच्या कडेला तशीच लांब खाच. जीभ खाचेत सरकवली की दोन्हीची एकच फळी होते. "अशी समदी जमीन एकमेकीत अडकल्याली," ते दादांना म्हणाले. "एकीवर पाय पडला की शेजारणीला कळतं, तिच्या शेजारणीला कळतं... पार त्या भिताडापत्तोर. आन खाली आधाराच्या आडव्या कड्यांमधी जागा मोकळी हाय, म्हून घुमतं. पोरीला कानाची गरज न्हाई दादा, हितं पाय ऐकत्यात." त्या दिवशी परत निघताना ताई जिन्याच्या तोंडाशी थांबली. चप्पल हातात घेऊन उगीच एकदा त्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली.

पण घर आमचं होतं आणि फरशी फरशीच होती. वर्षं गेली. माझं लग्न झालं, मी पुण्याला आले. दादा गेले. आबानं जुनं घर पाडून नवं बांधलं, आरशासारख्या टाइल्स बसवल्या. त्या टाइल्सवर ताई म्हणजे पाण्यावर सोडलेलं पान. एकदा ती चुलीवरून... म्हणजे गॅसवरून दूध उतरवत होती. आबाची धाकटी मुलगी पळत आली आणि तिनं मागून मिठी मारली. ताई दचकली, पातेलं सुटलं. पोरीच्या पायावर दूध सांडलं. जखम भरली, डागही राहिला नाही, पण ताईनं त्यानंतर स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं नाही. कुणी तिला काही म्हणालं नव्हतं. तीच मनात मिटून गेली.

त्या दिवाळीला मी माहेरी आले होते. सगळे जेवायला बसलो होतो. ताई ताटावरून मान वर न करता म्हणाली, "आबा, मला जमीन पायजे."

ताटावरचे हात थांबले. शेतकऱ्याच्या घरात बहिणीनं हे वाक्य उच्चारलं की काय होतं, ते ज्याला माहीत त्याला माहीत. वहिनीनं आबाकडं बघितलं, आबानं आईकडं. मी आमटीच्या वाटीत बघत राहिले. ताईनं सगळ्यांची तोंडं पाहिली, तिला उलगडा झाला, आणि ती एवढी हसली की तिला ठसका लागला. "आरं, ती न्हाई! लाकडाची. पायाखालची. बशीरभाईच्या माडीवर व्हती तसली." विहिरीजवळ आमची खताच्या गोण्या ठेवायची एक खोली होती. तिथं तिला राहायचं होतं. एकटीनं.

आईचा जीव खालीवर झाला. विहिरीच्या पलीकडं ऊस, आणि उसात बिबटे. आमच्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात. सांजेला लहान पोरांना अंगणात सोडत नाहीत तिथं ही न ऐकणारी बाई एकटी राहणार? "माझ्या घरात तुला काय कमी पडलं?" आई म्हणाली. आबाला मात्र त्या हसण्यानंतर नाही म्हणवेना. तो जुन्नरला जाऊन बशीरभाईंना घेऊन आला. त्यांची दाढी आता पिकली होती. ताईला बघताच त्यांनी जमिनीवर पाय आपटून दाखवला आणि दोघंही हसली.

कुठल्याशा पाडलेल्या बंगल्याच्या सागवानी फळ्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या, त्या आल्या. आम्हाला वाटलं, आता चार-आठ दिवसांत काम होईल. पण बशीरभाईंनी फळ्या खोलीत रचल्या, दोन थरांमध्ये काठ्या ठेवून वारा खेळेल अशा, आणि निघून गेले. "लाकडाला खोलीची सवय व्हऊ द्या," म्हणाले. ताई रोज त्या ढिगाजवळ जाऊन बसायची. मग कड्या बसल्या आणि त्यांच्यावर फळ्या. खिळा वरून मारायचाच नाही. फळीच्या जिभेतून तिरका मारायचा, म्हणजे पुढच्या फळीची खाच त्याला पोटात घेते आणि वरून जमीन कोरी राहते. फळ्या पडवीपासून थेट आत, अखंड जायला हव्यात, असं ताईचं म्हणणं होतं. मध्ये उंबरा आला तर पडवीतलं पाऊल आत पोचणार कसं? हे ऐकून आई उठलीच. "उंबऱ्याबिगर घर आसतं व्हय? उंबरा न्हाई तिथं मी पाय ठिवायची न्हाई, सांगून ठिवते!"

काम अर्ध्यावर आलं आणि बशीरभाई आजारी पडले. पावसाळा तोंडावर होता. आबाला घाई. त्यानं मंचरचा एक मिस्त्री आणून उरलेल्या फळ्या ठोकून घेतल्या, आणि भिंतीलगत बशीरभाईंनी सोडायला सांगितलेली फट ठेवू दिली नाही. "फट कशाला? विंचू निघतील," म्हणाला. आषाढात हवा ओली झाली, लाकूड फुगलं, सरकायला जागा नव्हती. एका सकाळी ताई उठली तर जमीन खोलीच्या मधोमध कासवाच्या पाठीसारखी वर आलेली. जिभा खाचांतून निसटल्या होत्या. आई म्हणाली, "देवालाच मान्य न्हाई." आबा खाली मान घालून उभा. ताई तेवढी शांत. त्या उंचवट्यावर ती हात फिरवत होती, आजारी गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. "तिला हालायला जागा दिली न्हाई आपण," ती म्हणाली. "कुनाला बी लागती."

पाऊस सरल्यावर बशीरभाई आले, काठी टेकत. त्यांच्या हातात आता जोर नव्हता, म्हणून ते खुर्चीवर बसून खुणेनं सांगायचे आणि काम करायची ताई. तिनं फळ्या उकलल्या, मोडलेल्या जिभा रंध्यानं पुन्हा काढल्या, भिंतीलगतच्या फळ्या बारीक केल्या. चहूबाजूंनी बोटभर फट सुटली आणि तिच्यावर लाकडाची पट्टी आली. आबा सकाळी शेतावर जायच्या आधी न सांगता यायचा आणि फळ्या धरून बसायचा. मी एका रविवारी गेले तर हे तिघं तिथं होते. रंध्यातून लाकडाच्या कुरळ्या साली निघत होत्या, साऱ्या खोलीला सागवानाचा वास, आणि ताईच्या केसांत भुसा. ती पन्नाशीची बाई मला त्या क्षणी विशीतली दिसली. शेवटची फळी बसली तेव्हा बशीरभाई खुर्चीतून उठले, पडवीत गेले आणि तिथून हळूच एक पाऊल टाकलं. ताई आत भिंतीकडं तोंड करून उभी होती. तिनं नुसता हात वर केला.

त्यानंतरची ताई वेगळीच होती. तिच्या खोलीत खाट मध्ये होती, बसायचं जाजम मध्ये होतं. भिंतीला पाठ लावायचं ती विसरून गेली. दाराकडं पाठ करून निवांत भाकरी थापायची आणि म्हणायची, "आबा, आज लई दमलास." आबाची मुलगी नाचत यायची तर ताई पाठमोरीच खांदे हलवायची. दुपारी ती नुसती आडवी पडायची, गाल जमिनीला लावून. एकदा मी विचारलं, काय करतेस? म्हणाली, "विहिरीची मोटार चालू हाय. लांबनं गाणं म्हणल्यावानी येतंय." मीही गाल टेकवला. लाकूड उन्हानं कोमट झालं होतं. मला काहीच कळलं नाही... पण बराच वेळ आम्ही दोघी तशाच, समोरासमोर पडून राहिलो, लहानपणी घराच्या धाब्यावर, मातीच्या गच्चीवर पडायचो तशा.

आई मात्र शब्दाला पक्की. रोज डबा घेऊन यायची, पण अंगणातच उभी राहायची. हाक मारून उपयोग नाही, पडवीत पाय ठेवायचा नाही. म्हणून ताईचं लक्ष जाईपर्यंत उन्हात उभी. ताईनं खिडकीला आरसा टांगला, आई दिसावी म्हणून. दोघीही हट्टी. डब्याची देवघेव अंगणात व्हायची आणि आई परत फिरायची. अशी काही वर्षं गेली.

मग तो वाघाचा दिवस. ऊसतोड चालू होती, त्यामुळं जनावरं बिथरलेली. दिवस कलत होता. ताई आत पावटा सोलत बसली होती, दार नुसतं लोटलेलं. हे तिनं मला पुढं कितीतरी वेळा सांगितलं, आणि दर वेळी सांगताना तिचे डोळे लांब कुठंतरी जायचे. पडवीच्या फळीवर काहीतरी आलं. माणूस नाही, कुत्रं नाही, शेरडू नाही. "टाच न्हाईच त्याला. फूल ठिवल्यावानी पाय ठिवतं. पर जड... लई जड गं." ती उठली नाही. उठलं तर आपलंही पाऊल त्याला कळेल, एवढं तिला कळत होतं. तिनं तळवा जमिनीवर टेकला. ते दारापर्यंत आलं, थांबलं, वळलं आणि पडवीत लांब होऊन बसलं. मध्ये फक्त एक लोटलेलं दार. "तू भ्याली नाहीस?" मी विचारायची. "आदी भ्याले. मंग... त्याचं पोट हालायचं श्वासाला, ते फळीतनं येत व्हतं. मला वाटलं, दमलंय बिचारं." अंधार पडायच्या सुमारास ते उठलं आणि गेलं. मग ताईनं उठून कडी घातली आणि पावट्याची आमटी केली.

सकाळी आबा दूध घेऊन गेला तर पडवीभर चिखलाच्या पंजांचे ठसे, दारापर्यंत. तो अंगणातूनच ओरडला. ते ऐकून आई घरातून निघाली ती अनवाणी, पदर सुटलेला, पळतच. अंगण आलं, पडवी आली, उंबऱ्याची जागा आली, तिला काही भान नव्हतं. ताई पाठमोरी चहा ढवळत होती. न वळताच म्हणाली, "आई, हळू. पडशील."

आई खोलीच्या मध्यात थबकली. त्या जमिनीवर तिनं त्याआधी एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. आबा सांगतो, आईनं ताईला खांद्याला धरून वळवलं, आणि ओठ मोठे मोठे हलवून विचारलं, "तुला कसं कळलं गं मी हाय ते?"

ताई म्हणाली, "तुझी चाल हाय की. कान व्हते तवा ऐकल्याली. ती कुठं बदलतीय?"

आई तिथंच खाली बसली. इतक्या वर्षांचं सगळं तिनं त्या फळ्यांवर रडून घेतलं. ताईला परत घरी आणायचं बोलणं पुन्हा कुणी काढलं नाही. उलट आईच रोज दुपारी तिच्याकडं निजायला जाऊ लागली.

बशीरभाई गेले तेव्हा ताई जुन्नरला गेली होती. शेवटची काही वर्षं तिचे गुडघे दुखायचे, पण जमिनीला तेलाचा हात ती स्वतःच द्यायची. उन्हाळ्यात फळ्या आकसल्या की मधल्या रेघा जरा रुंद व्हायच्या, पावसाळ्यात मिटायच्या. त्याकडं बघून ती सांगायची, पाऊस किती लांब आहे. संक्रांतीला मी गेले ती आमची शेवटची भेट ठरली. निघताना मी पडवीतून उतरले आणि मागं वळून पाहिलं, तर ती दारात उभी होती. डोळे मिटलेले. फळ्यांवरची माझी पावलं थांबली, तसे तिनं डोळे उघडले आणि जा, अशी मान हलवली.

दिवसकार्य झाल्यावर वहिनी म्हणाली, खोली बंद करून ठेवू. आई आता नव्वदीला टेकली आहे, पाखरासारखी झाली आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाहिलं तर आई जाग्यावर नव्हती. मी विहिरीकडं गेले. दार उघडं होतं. आईनं काठी पडवीत टेकून ठेवली होती आणि भिंतीचा आधार घेत ती खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होती. चालत म्हणजे, प्रत्येक पाऊल उचलून, होता नव्हता तेवढा जीव लावून आपटत. सारी खोली घुमत होती.

"आई," मी म्हणाले, "अगं, किती जोरात... पाय दुखतील ना."

आईनं थांबून माझ्याकडं बघितलं. धाप लागली होती. मग खाटेकडं बोट केलं, जणू मला साधी गोष्ट कळत नव्हती.

"माझं वजन कुठं ऱ्हायलंय आता," ती म्हणाली. "हळू चालले तर तिला कळंल व्हय?"

आणि ती पुन्हा चालू लागली. मी चप्पल काढली, आत गेले, आणि तिच्या शेजारून, तिच्याइतकंच जोरात, पाऊल टाकत चालत राहिले.